‘राहिलेली गोळी’ : एका वैद्यकीय सूचनेचा अर्थविचार

गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटाबरोबर जो छापील कागद येतो, त्यातील बहुतेक मजकूर एकदाच वाचला जातो, किंवा वाचलाही जात नाही. एक परिच्छेद मात्र असा असतो की तो पुन्हा शोधून काढावा लागतो, आणि तोही घाईत, बहुधा रात्री, काहीशा धास्तीने. एखाद्या दिवशी गोळी घेतली गेली नाही तर काय करावे, हे सांगणारा तो परिच्छेद होय. या सूचनेचा वैद्यकीय आशय आता बऱ्याच अंशी स्थिर झालेला आहे. तिची मराठी भाषा मात्र अद्याप स्थिर झालेली नाही. सूचनेचा सारा भार दोन भेदांवर आहे. घेतली न गेलेली गोळी आणि पाकिटात अजून शिल्लक असलेली गोळी, हा पहिला भेद. आणि दिवस कोठून कोठवर मोजावयाचे, हा दुसरा. मराठीतील नित्याचे शब्द नेमके हेच दोन भेद पुसून टाकतात. एरवी अशी संदिग्धता निरुपद्रवी असते. येथे तिची किंमत एका स्त्रीला नऊ महिने मोजावी लागण्याचा संभव आहे. म्हणून हा प्रश्न केवळ शैलीचा मानता येत नाही.

प्रथम मूळ नियम काय आहे ते पाहणे इष्ट होईल. शासकीय योजनेतून विनामूल्य मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी पहिल्या २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्रॅडिऑल ही दोन संप्रेरके असतात. या गोळ्या पांढऱ्या. शेवटच्या ७ तपकिरी गोळ्या केवळ लोहाच्या असतात. रोज गोळी घेण्याची सवय मोडू नये आणि अंगात लोह जावे, एवढेच त्यांचे प्रयोजन. तपकिरी गोळी विसरली गेल्यास गर्भनिरोधाच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही. ती टाकून द्यावी आणि नवे पाकीट ठरल्या दिवशी सुरू करावे.

पांढऱ्या गोळ्यांचे कार्य असे की, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून बीजांडकोशाला जाणारे संकेत त्या मंद ठेवतात. त्यामुळे बीज परिपक्व होऊन बाहेर पडत नाही. बीजांडकोश विश्वसनीय रीतीने शांत होण्यास सुमारे ७ दिवस सलग गोळ्या घ्याव्या लागतात. उलट लोहाच्या गोळ्यांच्या ७ दिवसांत तो हळूहळू जागा होऊ लागतो, आणि आठव्या दिवशी नव्या पाकिटातील पहिली पांढरी गोळी पोटात गेली की पुन्हा शांत होतो. ७ दिवसांचा हा विराम म्हणजे जवळजवळ सुरक्षिततेची शेवटची कड आहे. तो आठ, नऊ, दहा दिवसांचा झाला की धोका सुरू होतो.

यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. सर्वसाधारण समजूत अशी की महिन्याचे मधले दिवस धोक्याचे, कारण गोळी न घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ते तसेच असतात. गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही समजूत लागू पडत नाही. पाकिटाच्या मध्यावर एखादी गोळी विसरली तर मागे सलग गोळ्यांचे पुरेसे बळ असते. धोका असतो तो दोन टोकांना. नवे पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झाले, अथवा शेवटच्या पांढऱ्या गोळ्या घेतल्या गेल्या नाहीत, म्हणजे विरामाचे ७ दिवस त्या बाजूने वाढतात. नवे पाकीट आणावयास उशीर झाला तर ‘गोळी विसरली’ असे कोणी म्हणत नाही; ‘पाकीट संपले होते’ असे म्हणतात. परंतु औषधशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची ‘विसरलेली गोळी’ हीच होय.

आता प्रत्यक्ष नियम. एक पांढरी गोळी राहिली असेल, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर ४८ तास उलटलेले नसतील, तर ती आठवताच घ्यावी आणि पुढची गोळी आपल्या नेहमीच्या वेळी घ्यावी. त्यासाठी एकाच दिवशी, किंवा एकाच वेळी, दोन गोळ्या घ्याव्या लागल्या तरी हरकत नाही. अन्य उपायाची सामान्यतः गरज नसते. लागोपाठ दोन किंवा अधिक गोळ्या राहिल्या असतील तर त्यांपैकी शेवटची तेवढी लगेच घ्यावी, त्याआधीच्या टाकून द्याव्यात, पाकिटातील पुढच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे चालू ठेवाव्यात, आणि सलग ७ दिवस पांढऱ्या गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरावा किंवा शरीरसंबंध टाळावा. ही घटना पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात घडली असेल तर पांढऱ्या गोळ्या संपवून तपकिरी गोळ्या सोडून द्याव्यात आणि दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे. त्या महिन्यात पाळी आली नाही तर त्यात वावगे काही नाही. पहिल्या आठवड्यात घडली असेल, आणि मागील ५ दिवसांत शरीरसंबंध आला असेल, तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा विचार करावा लागतो. सीमारेषा दोन गोळ्यांवर ओढावी की तीन, याविषयी एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींत ती तीन गोळ्यांवर आहे, तर अमेरिकेत व ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या मार्गदर्शनात दोनांवर. सामान्य वाचकासाठी लिहिताना अधिक सावध असा दोनांचा नियम देणे श्रेयस्कर ठरेल. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी घेतलीच नाही असे समजून दुसरी घ्यावी, एवढी पुस्ती या नियमाला जोडली पाहिजे.

नियम एवढाच आहे. तो मराठीत सांगताना काय घडते ते पाहण्यासारखे आहे.

घेतल्या न गेलेल्या गोळीसाठी मराठीत मुख्यतः तीन क्रियापदे वापरली जातात : चुकणे, विसरणे आणि राहणे. छापील पत्रकांचा ओढा ‘चुकणे’कडे असतो. ‘गोळी चुकल्यास’ हे रूप आटोपशीर आहे आणि ‘गाडी चुकली’, ‘पाळी चुकली’ या प्रयोगांच्या पंक्तीत सहज बसते. परंतु ‘चुकणे’ या धातूला दोन अर्थ आहेत. ‘गाडी चुकली’ येथे गाठ न पडणे हा अर्थ. ‘उत्तर चुकले’, ‘गणित चुकले’ येथे अयथार्थ ठरणे हा अर्थ. क्रियापद वाक्यात असते तोवर संदर्भाने निर्वाह होतो. धातुसाधित विशेषण केले की अडचण उभी राहते. ‘चुकलेले उत्तर’ म्हणजे चुकीचे उत्तर, तर मग ‘चुकलेली गोळी’ म्हणजे कोणती? न घेतलेली, की भलतीच घेतलेली? पांढऱ्या गोळीच्या जागी तपकिरी गोळी घेतली गेली असेल तर त्या स्त्रीच्या दृष्टीने तीच ‘चुकलेली गोळी’ होय, आणि ‘चुकलेली गोळी लगेच घ्यावी’ या वाक्याचा तिला काहीच बोध होणार नाही.

याच धातूचे प्रयोजक रूप ‘चुकवणे’ हे आणखी घातक आहे. ‘काम चुकवणे’, ‘नजर चुकवणे’, ‘कर चुकवणे’ या सर्वांत हेतू आहे, आणि तो हेतू चांगला नाही. ‘कामचुकार’ हा शब्द त्याचीच साक्ष देतो. (‘गोळी चुकवली’ याचा रणांगणावरील अर्थ येथे सोडून देऊ.) आरोग्यसेविकेने ‘मध्ये गोळी चुकवली होती का?’ असे विचारले म्हणजे व्याकरणाने तो प्रश्न राहतो, पण व्यवहाराने आरोप होतो. आरोपाला मिळणारे उत्तर ठरलेले आहे : ‘नाही.’ पुढचा सर्व सल्ला मग त्या ‘नाही’वर उभा राहतो.

‘विसरणे’ हे क्रियापद व्याकरणदृष्ट्या मनोरंजक आहे. ते सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याला ‘ने’ घेत नाही. स्त्री ‘मी गोळी विसरले’ म्हणते, आणि क्रियापदाचा मेळ गोळीशी न बसता तिच्याशी बसतो. बोलणे, शिकणे, समजणे यांच्या लहानशा गटातील हे क्रियापद आहे. विसरण्याची जबाबदारी अशा रीतीने सर्वस्वी तिच्यावर येते. वस्तुस्थिती मात्र पुष्कळदा निराळी असते. माहेरी जाताना पाकीट सासरी राहिलेले असते, घरात पाहुणे असतात आणि पाकीट ठेवलेल्या कपाटाशी एकांत मिळत नाही, आरोग्य केंद्रातील साठा संपलेला असतो. या साऱ्याला ‘विसरणे’ म्हणता येत नाही. आणि ज्या सूचनेचा मथळा ‘गोळी विसरल्यास’ असा आहे ती सूचना आपल्यासाठी नाही, असे त्या स्त्रीने समजले तर तिचा दोष काय?

उरते ‘राहणे’. बोलीत सर्वांत सहज येणारे हेच क्रियापद आहे : ‘काल गोळी घ्यायची राहिली.’ यात कर्त्याचा उल्लेख नाही, दोषारोप नाही, आणि कारण कोणतेही असले तरी वाक्य खरे ठरते. स्वतःविषयी सांगताना स्त्रिया हे रूप पसंत करतात याचे कारण उघड आहे. पण लिहिणाऱ्याने ते उचलले की तो खोल पाण्यात जातो. ‘घ्यायची राहिली’ हा पूर्ण प्रयोग निःसंदिग्ध आहे. त्यातील ‘घ्यायची’ गळून ‘राहिलेली गोळी’ झाली की तिला दुसरा अर्थ चिकटतो. ‘राहिलेले पैसे’, ‘राहिलेले दूध’, ‘राहिलेला प्रवास’ यांत राहिलेले म्हणजे शिल्लक असलेले. आता पुढील वाक्य पाहावे : ‘दोन किंवा अधिक गोळ्या राहिल्यास शेवटची गोळी लगेच घ्यावी व राहिलेल्या गोळ्या टाकून द्याव्यात.’ लिहिणाऱ्याच्या मनात आहे ती आधीच्या, न घेतलेल्या गोळ्यांची गोष्ट. वाचणारीला अर्थ लागतो तो पाकिटात उरलेल्या गोळ्यांचा. तिने वाक्याचे अक्षरशः पालन केले तर कदाचित दहा-बारा पांढऱ्या गोळ्या केराच्या टोपलीत जातील, आणि दोन दिवसांचा खंड पंधरा दिवसांचा होईल. शिवाय त्याच वाक्यातील ‘शेवटची गोळी’ म्हणजे राहिलेल्यांपैकी शेवटची की पाकिटातील शेवटची? पाकिटातील शेवटची गोळी तर तपकिरी, लोहाची. एका वाक्यात दोन संदिग्ध पदे, आणि दोहोंचा चुकीचा अर्थ परस्परांशी सुसंगत! असे वाक्य वाचणाऱ्याला शंकादेखील येत नाही, हाच त्यातील खरा धोका आहे.

‘टाकणे’ हे क्रियापदही निर्धोक नाही. बोलीत ‘एक गोळी टाकली आणि झोपलो’ याचा अर्थ गोळी घेतली असा होतो. ‘टाकून देणे’ असे संयुक्त क्रियापद वापरले तरच फेकण्याचा अर्थ निश्चित होतो; जागा वाचवण्यासाठी ‘टाकाव्यात’ असे लिहिणे महागात पडेल.

‘राहणे’ या धातूची आणखी एक बाजू आहे. मराठीत गर्भ ‘राहतो’, ‘दिवस राहतात’. जी गोष्ट होऊ नये म्हणून गोळी, त्या गोष्टीचे आणि गोळी न घेण्याचे क्रियापद एकच आहे. गोळी राहिली म्हणून दिवस राहिले, हे वाक्य मराठीत कोटीसारखे वाटते, आणि त्यामुळेच त्याचे भाषांतर होत नाही. त्याचप्रमाणे गोळी चुकते आणि पाळीही चुकते. या जोड्यांनी बोलणाऱ्यांच्या मनात एक कार्यकारणाची साखळी दृढ केली आहे की काय, असे वाटण्याजोगी परिस्थिती आहे. कारण एकच गोळी राहिली असता वाटणारी भीती वस्तुस्थितीच्या मानाने फार मोठी असते, आणि नवे पाकीट तीन दिवस उशिरा सुरू झाल्याची भीती फार थोडी. भाषेवर याचा सारा दोष लादणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या प्रसंगाला नाव आहे त्याची भीती वाटते, आणि ज्याला नाव नाही तो नजरेतून सुटतो, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

या अर्थाला मराठीत निर्दोष शब्दच नाही, असे मात्र नाही. पुण्यातील कोणत्याही मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. दूध आले नाही त्या तारखेवर फुली असते, आणि महिनाअखेर दूधवाल्याशी हिशेब होतो तो ‘खाड्यां’चा. मोलकरणीचे खाडे, रोजंदारीवरील मजुराचे खाडे, वर्तमानपत्राचे खाडे. खाडा म्हणजे रोज घडावयाची गोष्ट ज्या दिवशी घडली नाही तो दिवस. या शब्दाचे तीन गुण ध्यानात घेण्यासारखे आहेत. तो नाम असल्याने त्याचे अनेकवचन होते, म्हणून तो मोजता येतो : एक खाडा, दोन खाडे, लागोपाठ तीन खाडे. त्यात कारणाचा निर्देश नाही. दूधवाला आजारी होता की गावाला गेला होता, हिशेबाला त्याचे सोयरसुतक नसते. आणि त्याचा शिल्लक मालाशी काडीमात्र संबंध नाही. ‘पाकिटात किती उरल्या?’ आणि ‘खाडे किती झाले?’ हे दोन प्रश्न मराठी कानाला एकमेकांपासून पूर्ण वेगळे ऐकू येतात. ‘गोळी चुकवली का?’ या प्रश्नाऐवजी ‘या महिन्यात खाडे किती झाले?’ असे विचारले तर उत्तर संख्येत येते, आणि नियमाला हवी असते ती संख्याच. पत्रके लिहिणाऱ्यांना हा शब्द घरगुती, काहीसा अप्रतिष्ठित वाटत असावा. शास्त्रीय परिभाषा संस्कृतोद्भवच असली पाहिजे, हा आग्रह येथे अनाठायी आहे.

लोकांनी घडवलेला शब्द टिकतो याचे उदाहरण याच क्षेत्रात आहे. गर्भाशयात बसवावयाच्या तांब्याच्या साधनाला मराठी स्त्रियांनी ‘तांबी’ म्हटले, आणि ‘तांबी बसवणे’ हा प्रयोग दवाखान्यातही रूढ झाला. ‘निरोध’ हे १९६८ मध्ये बाजारात आलेल्या एका शासकीय मालाचे नाव. ते सामान्यनाम होऊन बसले. याउलट ‘कुटुंबनियोजन’ हा अधिकृत शब्द स्थिरावला, पण जुन्या पुणेरी वळणाच्या मराठीत ‘कुटुंब’ म्हणजे बायको, ही गोष्ट शब्द घडवणाऱ्यांच्या मनात आली होती की नाही कोण जाणे. नियोजन कुटुंबाचे, आणि त्याचा सारा भार ‘कुटुंबा’वर, अशी व्युत्पत्ती एखाद्या विनोदी लेखकाने केली तर तिला आकडेवारीचाही आधार मिळेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती, सुमारे ५ टक्के गोळ्या वापरीत होत्या, आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते.

स्पष्ट शब्दांचा प्रश्न मराठीत नवा नाही. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२३ मध्ये या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड चुकला नाही. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी १९३८ च्या सुमारास संततिनियमनाच्या प्रसाराचे काम हाती घेतले, आणि पुढे १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. या दोघांनीही ज्या साधनांविषयी प्रारंभी लिहिले-सांगितले ती प्रसंगी वापरावयाची साधने होती. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून गोळीला मान्यता मिळाली तेव्हा कर्वे हयात नव्हते. प्रसंगी वापरावयाचे साधन विसरले तर ते त्या प्रसंगापुरते विसरले जाते. गोळीचे नाते प्रसंगाशी नसून तारखेशी आहे. तिच्या बाबतीत आजच्या विसराचे परिणाम पाच दिवस मागे आणि सात दिवस पुढे पोहोचतात. म्हणून कर्व्यांच्या पिढीला शरीराच्या अवयवांसाठी शब्द शोधावे लागले, तर त्यानंतरच्यांना काळाचे शब्द शोधावे लागतात.

मात्र जुनी भीड अजून गेलेली नाही. ‘पुढील सात दिवस काळजी घ्यावी’ हे वाक्य पत्रकांतही दिसते आणि तोंडी सल्ल्यात तर हमखास येते. काळजी घ्यावी म्हणजे काय करावे? आजारी माणसाने, प्रवासाला निघालेल्याने, पावसात भिजलेल्या मुलाने, सर्वांनीच मराठीत काळजी घ्यावयाची असते. ऐकणारी स्त्री पथ्यपाणी सांभाळील, जड उचलणार नाही, कदाचित उपवासही सोडील. आणि निरोध वापरणार नाही. ‘संबंध’ हा शब्दही असाच गोलमोल, पण तो निदान रूढार्थाने समजतो. जेथे निरोध हा शब्द हवा तेथे निरोध हाच शब्द लिहिला पाहिजे.

दिवस मोजण्याच्या बाबतीत मराठीची जुनी रीत आरंभ आणि शेवट दोन्ही धरून मोजण्याची आहे. सात दिवसांच्या कालावधीला आपण आठवडा म्हणतो. ‘आठ दिवसांनी या’ असे सोमवारी सांगितले तर माणूस पुढच्या सोमवारी येतो, आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो. बोलण्यात यामुळे कधी घोटाळा होत नाही. पण केवळ २१ गोळ्या असलेल्या पाकिटाबाबत ‘गोळ्या संपल्यावर आठ दिवसांनी नवे पाकीट सुरू करावे’ असे सांगितले की ऐकणारी जुन्या रीतीने मोजते की नव्या, यावर सारे अवलंबून राहते. आठ मोकळे दिवस सोडून नवव्या दिवशी तिने पाकीट उघडले तर विराम सातांचा आठ झाला, आणि तोही नेमक्या त्या टोकाला, जेथे एका दिवसाचीही चैन परवडत नाही. उलट ‘सात दिवस निरोध वापरा’ ऐवजी कोणी ‘आठ दिवस’ म्हटले तर काहीच हानी नाही. एकच सैलपणा एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी घातक ठरतो, म्हणून ‘सात दिवस मोकळे, आठव्या दिवशी पहिली गोळी’ असे दोन्ही अंक देऊन लिहिणे हाच मार्ग सुरक्षित आहे.

या विवेचनाच्या आधारे माला-एनसारख्या पाकिटासाठी सूचनेचा मसुदा सुमारे असा होईल : ‘पांढऱ्या गोळीचा एक खाडा झाला तर आठवेल तेव्हा ती गोळी घ्या. त्या दिवशीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. एका दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालते. लागोपाठ दोन किंवा जास्त खाडे झाले तर त्यांतल्या अगदी अलीकडच्या खाड्याची एकच गोळी घ्या; त्याआधीच्या खाड्यांच्या गोळ्या घेऊ नका. पाकिटात उरलेल्या गोळ्या रोज एक अशा चालू ठेवा. सात दिवस सलग पांढरी गोळी घेऊन होईपर्यंत निरोध वापरा. पांढऱ्या गोळ्यांपैकी शेवटच्या सातांत असे दोन खाडे झाले तर उरलेल्या पांढऱ्या गोळ्या संपवा, तपकिरी घेऊ नका, दुसऱ्या दिवशी नवे पाकीट सुरू करा. नवे पाकीट सुरू करायला उशीर झाला तर जितके दिवस उशीर तितके खाडे समजा.’ यातील शेवटचे वाक्य सहसा आढळत नाही, आणि त्याची गरज मात्र सर्वांत अधिक आहे. तातडीच्या गोळीविषयीचे वाक्य याला स्वतंत्रपणे जोडावे : नव्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात दोन खाडे झाले असून मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, शक्यतो ७२ तासांच्या आत. आणि दुसऱ्या दिवसापासून रोजची गोळी पुन्हा चालू करावी. पुढे तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत पाळी आली नाही तर गर्भाची चाचणी करून घ्यावी. दिवस राहिले असतीलच तर नकळत घेतल्या गेलेल्या गोळ्यांनी गर्भाला अपाय होतो असा पुरावा नाही, हेही सांगून टाकणे माणुसकीचे ठरेल.

आठवड्याच्या गोळीचा विचार वेगळा करावा लागतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेलेली ऑर्मेलॉक्सिफेन ही संप्रेरकरहित गोळी १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने बाजारात आली आणि २०१६ मध्ये ‘छाया’ या नावाने शासकीय कार्यक्रमात समाविष्ट झाली. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल तर दुसरी बुधवारी. हा बुधवार मराठीत चार रीतींनी सांगता येतो : ‘तीन दिवसांनी’, ‘चौथ्या दिवशी’, ‘दोन दिवसांआड’, आणि चुकून ‘तिसऱ्या दिवशी’, ज्याचा अर्थ मात्र मंगळवार. खाडा झाल्यास गोळी आठवताच घ्यावी, आणि उशीर सात दिवसांहून कमी असेल तर नेहमीचे वार चालू ठेवून पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. उशीर सात दिवसांपेक्षा अधिक झाला असेल तर नव्याने, म्हणजे पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा, आरंभ करावा.

येथे ‘परवा’ या शब्दाची गाठ पडते. हिंदीतील ‘कल’ची दुहेरी मराठीने टाळली, ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे ठेवले. पण ‘परवा’ दोन्ही बाजूंना उघडाच राहिला. आशाताईला शुक्रवारी एखादीने विचारले, ‘परवाच्या गोळीचं काय करू?’, तर ती बुधवारची, घ्यायची राहिलेली गोळी असू शकते, किंवा रविवारची, अजून यावयाची. क्रियापदावरून काळ कळावा अशी मराठीची अपेक्षा, आणि या वाक्यातील ‘करू’ दोहोंनाही सारखेच लागू. बुधवारची गोळी आज घ्यावयाची आहे. रविवारची आज घेऊन चालणार नाही. आठवड्याच्या गोळीच्या कार्डावर ‘परवा’, ‘तीन दिवसांनी’, ‘चौथा दिवस’ यांपैकी काहीही न छापता दोन वारांची नावे मोठ्या अक्षरांत छापावीत, आणि तोंडी सल्ल्यातही वाराचे नाव घेऊनच विचारावे : बुधवारची घेतली का?